मागाहून येणाऱ्या सामानाची यादी

धाकट्या दिरांचं बिऱ्हाड वेंगुर्ल्याहून कॅनडाला निघालं. माणसं विमानाने, सामान मागाहून जहाजाने. पॅकर्सच्या यादीत नुसतं ‘स्वयंपाकघर, ६ खोकी’. एवढ्यावर कस्टम्सवाले काय समजणार?

मी दोन याद्या केल्या: सोबतचं आणि मागाहून येणारं. प्रत्येक वस्तूपुढे अंदाजे किंमत, लॅपटॉपचा सीरियल नंबर, दागिन्यांचे फोटो. सामान नंतर येणार असलं तरी दुसरी यादी कॅनडातल्या पहिल्याच विमानतळावर दाखवून तिथल्या कस्टम्सच्या बीएसएफ १८६ फॉर्मवर नोंदवायची, नाहीतर पुढे कर लागू शकतो. करात सवलत जाण्याआधी घेतलेल्या, वापरलेल्या वस्तूंनाच. म्हणून सावंतवाडीची कोरी लाकडी खेळणी वेगळी लिहिली. बाहेरच्या मातीला तिथे बंदी, म्हणून परसातलं खुरपं घासून धुतलं. (ते हवंच कशाला, हे भावजींनाच ठाऊक!) शिक्का मारलेली प्रत दाखवून सामान बिनकराचं सुटलं.