वरातीहून आलेल्या घोडीला गरम खाणं देता ना? मग जवस नीट उकळा अन् लाखोळीची डाळ लांबच ठेवा

तुळशीचं लग्न झालं की आपल्या इकडं वरातीचा सीझन चालू होते अन् थंडीही तेव्हाच पडते, मग रात्री अकरा-बाराला घोडी घरी आली की तिला काहीतरी गरम करून घालावंसं वाटतेच. घाला भाऊ, पण त्याच्यानं रात्रभर तिचं अंग गरम राहते असं समजू नका. ऊब येते ती वाळल्या चाऱ्यातून, तो आतड्यात आंबतो तेव्हा, म्हणून चारा कमी करू नका. गरम खाण्याचा खरा फायदा पाण्याचा आहे. थंडीत घोडं गार पाणी कमी पिते, लीद कडक होते अन् पोटशूळ उठते, अन् घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळं पोटात गेलेलं वर यायचा रस्ताच नाही.

मी मूठभर जवस घेतो. कोमट पाण्यात रातभर भिजवून ठेवायचं नाही, तसं केलं तर त्यातून सायनाइडचं विष सुटते. पाणी आधी खळखळ उकळू द्यायचं, मग जवस टाकायचं, गंजावर झाकण न ठेवता दाणा बुळबुळीत होईपर्यंत शिजवायचं. त्यात अर्धा किलो गव्हाचा कोंडा, चमचाभर मीठ, सुपारीएवढा गूळ अन् गाजराच्या लांब फोडी, गोल चकत्या गळ्यात अडकतात. मुठीत दाबलं की पाणी टपकलं पाहिजे इतकं ओलं ठेवा. अन् हात मधोमध खुपसून पाहा, वरून थंड वाटते पण आत चटका बसते.

एकदा घाईत मी कोंडा अर्धवट भिजवून दिला. दोन घासांतच घोडीनं मान ताणली, खोकली अन् दोन्ही नाकपुड्यांतून कोंड्याचा फेस यायला लागला, घास अन्ननळीत अडकला होता. डॉक्टर येईपर्यंत तिच्यापुढं ना चारा ठेवला ना पाणी, नुसता मानेवरून हात फिरवत उभा होतो. तेव्हापासून कोंडा भिजल्याशिवाय तिच्यापुढं टोपलं ठेवत नाही.

आठवड्यातून एकदाच भरपूर देण्यापेक्षा रोज थोडं द्या, खाणं अचानक बदललं की पोट बिघडते. कोंड्यात फॉस्फरस जास्त अन् कॅल्शियम कमी, म्हणून सोबत थोडा लसूणघास असू द्या, नाहीतर हाडं कमजोर होतात.

भंडारा-चंद्रपूरकडं घरात लाखोळी असतेच, पण घोड्याला एक मूठही नको, रोज पोटात गेली तर मागचे पाय लुळे पडतात अन् श्वास घरघरतो. बुरशी लागलेला मकाही नको. गाई-म्हशीचं तयार खाद्य तर बिलकुल नाही, काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असते, ते थोडंसंही घोड्याचा जीव घेते.

वरातीहून आल्याबरोबर टोपलं पुढं करू नका, घाम सुकू द्या, थोडं थोडं कोमट पाणी पाजा, तासाभरानं खाणं द्या. उरलेलं सकाळसाठी ठेवू नका, आंबते. पाय आपटते, पोटाकडं वळून पाहते, लोळते, लीद बंद आहे असं दिसलं तर खाणं काढून घ्या अन् लगेच डॉक्टरले बोलवा, नाहीतर जनावरांच्या दवाखान्याच्या 1962 नंबरला फोन लावा.