अफूवर्गीय औषधांची विषबाधा आणि अनिश्चित हेतू : ओळख, उपचार व कोडिंग

बेशुद्ध रुग्ण, मंदावलेला श्वास आणि टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर मॉर्फिन, हेरॉइन, फेंटानिल, मेथाडोन यांसारख्या अफूवर्गीय द्रव्याच्या विषबाधेचा विचार प्रथम करावा. यांपैकी श्वासाला सर्वाधिक महत्त्व द्यावे आणि तो पूर्ण एक मिनिट मोजावा. मिनिटाला १२ पेक्षा कमी श्वास हा धोक्याचा इशारा आहे. बाहुल्यांवर मात्र पूर्ण विसंबू नये, कारण पेथिडीन किंवा ट्रामाडोल घेतले असल्यास, सोबत दुसरे औषध असल्यास किंवा मेंदूला प्राणवायू कमी पडल्यास त्या लहान नसतातही. रक्तातील साखर लगेच तपासावी. लघवीच्या नेहमीच्या झटपट तपासणीत फेंटानिल, ट्रामाडोल व मेथाडोन बहुधा सापडत नाहीत, म्हणून नकारात्मक अहवाल हाती आला तरी समोर दिसणारे चित्र खोटे ठरत नाही.

औषध चुकून घेतले की जाणूनबुजून, या प्रश्नाच्या उत्तरासाठी उपचार क्षणभरही थांबवू नयेत. रुग्णालयाबाहेर असाल तर रुग्णवाहिका बोलवावी, श्वास अपुरा असल्यास कृत्रिम श्वास द्यावा, अफूवर्गीय औषधाचा परिणाम उलटवणाऱ्या नॅलॉक्सोनचा नाकात मारण्याचा फवारा उपलब्ध असल्यास वापरावा आणि रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागल्यावर त्याला कुशीवर वळवावे. रुग्णालयात आधी मास्क व पिशवीने श्वास द्यावा आणि मग शिरेतून नॅलॉक्सोन द्यावे. अफूवर्गीय औषधांची सवय असलेल्या रुग्णात ०.०४ मिलिग्रॅमपासून सुरुवात केल्यास तीव्र विथड्रॉल, म्हणजे सवयीचे औषध अचानक तुटल्याचा त्रास, टळते. श्वास जवळजवळ थांबला असेल तर मोठी मात्रा लागते आणि दर दोन-तीन मिनिटांनी ती वाढवता येते. रुग्णाचा श्वास पुरेसा व्हावा, एवढेच येथे साधायचे असते. त्याला खडबडून जागे करण्याची गरज नसते. एकूण १० मिलिग्रॅम देऊनही प्रतिसाद नसेल, तर निदानाचाच फेरविचार करावा.

नॅलॉक्सोनचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटे टिकतो, तर मेथाडोन किंवा हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचा परिणाम त्याहून कितीतरी जास्त. बोलू लागलेला रुग्ण पुन्हा श्वास थांबून कोसळू शकतो, म्हणून घाईने घरी सोडणे धोकादायक आहे. अशा वेळी, ज्या एकूण मात्रेने श्वास सुधारला तिचा दोन-तृतीयांश भाग दर तासाला सलाइनमधून चालू ठेवतात. काही वेदनाशामक गोळ्यांत पॅरासिटामॉलही असते. त्याची रक्तातील पातळी न विसरता तपासावी, कारण यकृताची हानी उशिरा उघड होते.

रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याला एकांतात, दोष न देता विचारावे : काय घेतले, किती, आणि त्या वेळी मनात काय होते? नातेवाइकांचे म्हणणे वेगळे नोंदवावे. उत्तर मिळाले नाही तरी आत्महत्येच्या धोक्याचे मूल्यमापन केल्याशिवाय कोणालाही घरी पाठवू नये.

कोडिंगमध्ये, म्हणजे नोंदींवरून निदानाला ठरावीक सांकेतिक कोड देण्याच्या कामात, सर्वाधिक चुका हेतूच्या नोंदीमुळे होतात. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१०-सीएम या रोगवर्गीकरणात, नेमके द्रव्य अज्ञात असलेल्या नार्कोटिक (अफूवर्गीय व तत्सम गुंगी आणणाऱ्या द्रव्यांच्या) विषबाधेसाठी, हेतू अनिश्चित असल्यास, पहिल्या उपचाराचा कोड टी४०.६०४ए असा आहे. सहावे चिन्ह हेतू सांगते : १ अपघाती, २ स्वतःला इजा करण्यासाठी, ३ दुसऱ्याने केलेला हल्ला, ४ अनिश्चित. शेवटचे ए म्हणजे उपचार सक्रियपणे चालू आहेत. पुढील देखरेखीसाठी डी आणि मागे राहिलेल्या परिणामासाठी एस येते. द्रव्य कळले असेल तर हा कोड वापरू नये. उदाहरणार्थ फेंटानिल असल्यास टी४०.४१४ए द्यावा.

हेतूविषयी कागदावर काहीच लिहिलेले नसणे आणि हेतू ठरवता आला नाही असे लिहिलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या स्थितीत नियमानुसार विषबाधा अपघाती धरली जाते. अनिश्चित हा पर्याय फक्त दुसऱ्या स्थितीत चालतो. डॉक्टरांनी मौन बाळगले, तर स्वतःला इजा करण्याचा संभवनीय प्रयत्न आकडेवारीत अपघात म्हणून मोजला जातो, आणि हे मला गंभीर वाटते. म्हणून ‘चौकशी करूनही हेतू निश्चित करता आला नाही’ असे स्पष्ट वाक्य डॉक्टरांनी लिहावे. कोडरने अंदाज न बांधता, नोंद संदिग्ध असल्यास डॉक्टरांना लेखी विचारावे.

विषबाधेचा कोड आधी आणि तीव्र श्वसननिकामीपणा किंवा कोमा यांचे कोड नंतर येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये हेतू त्याच कोडमध्ये सामावलेला नसतो, तेथे टी४०.६ सोबत अनिश्चित हेतूसाठी वाय१२ हा बाह्य कारणाचा कोड जोडावा लागतो.