चित्रकाराने गृहसजावटीची कामे कशी घ्यावीत

सांगली-साताऱ्यात राहून केवळ चित्रांच्या विक्रीवर घर चालवणे कठीण आहे, हे कलामहाविद्यालयातून बाहेर पडलेल्या बहुतेकांना दोन-तीन वर्षांत उमगते आणि मग ते गृहसजावटीच्या कामांकडे वळतात. यात कमीपणा काहीच नाही. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे ज्यांनी काढली, तेही कोणाच्या तरी घराच्या भिंतीच रंगवत होते. घोळ होतो तो हाती आलेले काम चित्राचे आहे की सेवेचे, हे सुरुवातीला न ठरवल्यामुळे.

म्हणून कोटेशन देण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की ही वस्तू या घरातून काढून दुसरीकडे नेली तर तिला अर्थ उरेल का? उरत असेल तर ते चित्र आहे, आणि त्याचा दर आपल्या इतर चित्रांच्या दराशी जुळलाच पाहिजे. उरत नसेल तर ती सेवा आहे. तिचे पैसे चौरस फुटावर किंवा ठोक घ्यावेत, आणि सोफ्याच्या कापडाशी जुळणारा निळा रंग मागितला गेला तर रुसू नये. एकाच घरात दोन्ही कामे असतील तर बिले दोन करावीत.

या फरकाला कायद्याचीही बाजू आहे आणि ती फार थोड्या चित्रकारांना ठाऊक असते. स्वतःहून काढलेले चित्र विकले तरी त्याचा कॉपीराइट, लेखी हस्तांतर केले नसेल तर, चित्रकाराकडेच राहतो. मात्र कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढले, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. नंतर त्याच चित्राच्या प्रती काढून विकायच्या असतील, तर ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील’ हे एक वाक्य ॲडव्हान्स घेण्याआधी कागदावर आणून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ओळखीच्या घरी तर आवर्जून घ्याव्यात, कारण संकोच तिथेच होतो.

भिंतीच्या कामात कुंचल्यापेक्षा गवंड्याशी बोलणे महत्त्वाचे असते. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर किमान २८ दिवस रंग लावू नये. आतली ओल आणि क्षार बाहेर येऊन लोणा धरतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसात पश्चिमेची भिंत बाहेरून जलरोधक केलेली नसेल, तर तिच्यावर थेट चित्र काढण्याचे काम मी तरी घेत नाही. सांगलीत नदीकाठच्या तळमजल्यावर सावधगिरी आणखी वाढवावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेले होते. अशा घरात भित्तिचित्र मरीन प्लायच्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडच्या, सुट्या फळ्यांवर करावे आणि फळ्या स्क्रूने बसवाव्यात, म्हणजे पुराचा इशारा येताच घरातले दोघे जण त्या उतरवून माडीवर नेऊ शकतील. सुतार फेविकॉल लावून पक्के करण्याचा आग्रह धरतो. त्याला नम्रपणे नकार द्यावा.

चित्र टांगताना त्याचा मध्यबिंदू जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावा. उजेड चित्रावर कसा पडावा, हे समजून घ्यायचे असेल तर सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात एक दिवस घालवावा. राजा रविवर्म्याची मूळ चित्रे पाहायला मिळतील, हा लाभ वेगळाच.

व्यवहाराचे थोडक्यात सांगायचे तर वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी नसताना कार्डावर ‘आर्किटेक्ट’ छापू नये, आणि सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर जाऊ लागली की जीएसटी नोंदणी करावी. प्लायवुडच्या दुकानदाराकडून मिळणारे कमिशन एक तर घेऊ नये किंवा घरमालकाला सांगून घ्यावे.

सजावटीच्या कामाला सुतार, रंगारी आणि घरमालक असे तिघे तगादा लावणारे असतात. चित्राला कोणीच नसतो. त्यामुळे साइटवर जाण्याची वेळ सकाळी अकरानंतरची ठरवावी, ती मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगावी आणि त्याआधीचे तीन तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.