आधी भाकरी विचारा: बेळगाव सीमाभागातल्या खानावळीत जेवायचं ते असं

खानावळीच्या दारात पहिला प्रश्न दराचा नको आणि भाजीचाही नको. "भाकरी गरम आहे का?" एवढंच विचारावं. गल्ल्यावरचा माणूस कन्नड बोलणारा असेल तर "बिसी रोट्टी ऐतेन्री?" आतून थापण्याचा आवाज येत असेल तर तेवढंही नको, सरळ हात धुऊन बसावं. बाकी सगळं जेवण या भाकरीच्या मागून चालतं: किती वाजता जायचं, काय मागायचं, कोणत्या क्रमानं खायचं, सगळं.

याचं कारण पिठात आहे. जोंधळ्यात गव्हासारखा ताण नसतो. उकळतं पाणी घालून पीठ मळतात, तळव्यानं थापतात, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात आणि मग विस्तवावर फुगवतात. अशी भाकरी उतरल्यावर दहाएक मिनिटं मऊ असते. अर्ध्या तासात कडा चिवट होतात आणि तासाभरात ती मोडते, फाटत नाही. थंड भाकरीवर कितीही चांगली भाजी वाढली तरी ते ताट वाया गेल्यासारखंच. कडांना खोल चिरा पडलेल्या दिसल्या तर पीठ जुनं आहे, त्याची विरी (चिकटपणा) गेली आहे असं समजावं. खूप पांढरी, रबरासारखी ताणणारी भाकरी आली तर त्यात गव्हाचं पीठ मिसळलेलं असण्याची शक्यता जास्त.

म्हणून वेळ सांभाळावी. दुपारी साडेबारा ते दोन आणि रात्री आठ ते नऊ या वेळात तवा सतत चालू असतो. अडीचनंतर गेलात तर सकाळची उरलेली भाकरी, तळाला लागलेली उसळ आणि पाणी घालून वाढवलेलं सारू (पातळ आमटी) मिळतं. त्यात खानावळवाल्याचा दोष नाही. एरवी भाजी दिवसाची एकदाच होते. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी असते, पण पदार्थ भराभर संपतात आणि ताजे होतात, त्यामुळे थोडं थांबावं लागलं तरी तोच दिवस चांगला. अमावस्येला चौकशी केल्याशिवाय जाऊ नये, काही खानावळी बंद असतात. श्रावणात मटणाच्या खानावळींचंही तसंच.

कुठल्या भागात काय मागायचं हे ठरवायला नकाशा लागत नाही, पण दिशा माहीत हवी. निपाणी, चिकोडी, संकेश्वर हा पट्टा कोल्हापूरच्या वळणाचा: तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, घरच्या कांदा-लसूण चटणीचा रंग. (इकडच्या घरात 'चटणी' म्हणजे मसाल्याचं तिखट. ताटात लावायची कोरडी चटणी हवी असेल तर 'शेंगाची चटणी' असं पूर्ण नाव घ्यावं.) गोकाक, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग या बाजूला रोट्टी-पल्या, म्हणजे जोंधळ्याची भाकरी, दोन भाज्या आणि चटण्यांची रांग. खानापूरकडे पश्चिमेला वळलं की पाऊस वाढतो, भात वाढतो आणि भाकरीही तांदळाची होते. तिथं जोंधळ्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. ज्या गावात जे पिकतं ते मागितलं की स्वस्तही पडतं. सौंदत्तीत मासे आणि खानापुरात कडक रोट्टी मागणाऱ्याला दोन्हीकडे मध्यम प्रतीचंच मिळतं.

फलक बहुतेक ठिकाणी कन्नडात असतो. वाचता आला नाही तरी अडत नाही, कारण 'खानावळी' हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच आहे. रस्त्यावर कोणालाही विचारा, बोट दाखवतील. 'लिंगायत खानावळ' किंवा 'बसवेश्वर खानावळ' असेल तर जेवण शाकाहारी. 'सावजी' असेल तर मटणाचं. नुसतं 'खानावळ' असेल तर आत जाऊन विचारावं. जैन मंडळींनी मात्र लिंगायत खानावळीत शाकाहारी या शब्दावर विसंबू नये: कांदा-लसूण सर्रास असतो, कोरड्या चटण्यांतही लसूण असतो. चिकोडी, रायबाग, अथणी भागात जैन वस्ती मोठी असल्यानं "कांदा-लसूण नको" म्हटल्यावर कोणी चकित होत नाही, पण हे ऑर्डर देण्याआधी सांगावं लागतं आणि शक्यतो सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी जावं लागतं.

बसण्याआधी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. ताट मोजकं आहे की पोटभर? मोजक्या ताटात बहुधा दोन भाकऱ्या किंवा दोन चपात्या, दोन भाज्या, सारू, थोडा भात, ताक किंवा दही. पोटभर ताटात भाजी-सारू परत वाढतात, पण भाकरी परत मिळते की वेगळी मोजतात हे प्रत्येक ठिकाणी निराळं असतं, आणि बिलावरून होणारे बहुतेक वाद याच एका मुद्द्यावर होतात. दुसरं, दही ताटातच आहे की वेगळं? तिसरं, पैसे फोनवरून घेतात का? खानापूरच्या आतल्या गावांत नेटवर्क दगा देतं, म्हणून खिशात सुट्टे पैसे असू द्यावेत. जीएसटीबद्दल थोडक्यात: ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे अशा खानावळीला नोंदणीच लागत नाही, आणि कॉम्पोझिशन योजनेतल्या (लहान धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायची सोय) धंद्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर लावता येत नाही. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीवर कराची ओळ दिसली तर जीएसटी नंबर विचारायला हरकत नाही.

वाढणाऱ्याला "वेटर" म्हणू नये. मराठी घरातला असेल तर मामा किंवा दादा, कन्नड असेल तर अण्णा; बाई वाढत असतील तर मावशी किंवा अक्का. निपाणी-बेळगाव पट्ट्यात मराठी सहज चालतं. बैलहोंगल-सौंदत्तीकडे चार शब्द पदरी असले की काम सोपं होतं: "रोट्टी कोड्री" म्हणजे भाकरी द्या, "स्वल्प हाक्री" म्हणजे थोडं वाढा, "साक्री" म्हणजे पुरे, "एष्टात्री?" म्हणजे किती झाले. शेवटचा 'री' गाळू नका, सगळा आदर त्यातच आहे.

आता ताट. हाच खरा भाग आहे आणि इथंच बाहेरचा माणूस गोंधळतो.

ताटात कोरड्या चटण्यांचे दोन-तीन ढीग असतात. तांबूस ती शेंगाची, काळी ती कारळ्याची (गुरेळ्ळु), तपकिरी ती जवसाची (अगसी). कोरडीच तोंडात टाकली की घशाला चिकटते, ठसका लागतो, आणि मग माणूस तिखटाला शिव्या देतो. ढिगाला मध्ये बोटानं खळगा करावा आणि त्यात अर्धा चमचा कच्चं शेंगतेल किंवा एक चमचा दही घालावं. कारळ्याला तेल, शेंगाला आणि जवसाला दही, अशी आमची पसंती. जवस तेलात घातलं की जड होतं. तेल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितलं की फुकट देतात.

शेजारी ओला लाल गोळा असेल तर तो केंपू खारा, काही ठिकाणी त्यालाच रंजका म्हणतात: ओल्या लाल मिरच्या, लसूण, मीठ वाटून मुरवलेल्या. तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा घ्यावा. रंगावरून तिखटपणा ओळखता येत नाही. ब्याडगी मिरची गडद लाल असते पण सौम्य. संकेश्वरी तिच्याहून बरीच झणझणीत. फिकट रस्सा जाळून काढतो आणि रक्तासारखा लाल दिसणारा पोटात शांत बसतो, असं अनेकदा होतं. तिखट लागलंच तर पाणी पिऊ नका. मिरचीतला दाहक अंश पाण्यात विरघळत नाही, पाण्यानं तो तोंडभर पसरतो फक्त. दही, ताक किंवा तूप लावलेला भाकरीचा तुकडा घ्या.

गरम भाकरी स्टीलच्या ताटात सपाट ठेवली की खालून घाम येतो आणि ती चिखलासारखी होते. आली की लगेच अर्धी मोडून वाफ जाऊ द्यावी आणि वाटीच्या काठावर तिरपी टेकवावी. तुकडा लहान घ्यावा. चपातीसारखी घडी घालून भाजी उचलायला गेलात तर ती मोडणारच; भाकरीच्या तुकड्यानं भाजी दाबून घ्यायची असते.

एण्णेगायी म्हणजे भरलं वांगं. आत शेंगदाणे, तीळ, कारळ, चिंच, गूळ. देठ तोडू नये, देठाला धरून वांगं ताटात चिरडावं आणि मसाला बाहेर काढून भाकरीला लावावा. दुसरी भाजी बहुधा मोड आलेल्या मटकीची किंवा हुलग्याची. पुंडी पल्या, म्हणजे जोंधळ्याच्या कण्या घालून केलेली अंबाडी, दिसली तर ती आधी मागा, फार आंबट लागली तर वर कच्चं तेल. झुणक्याच्या वड्या मिळाल्या तर सोडू नका. बाजूला कांदा, मुळा, मेथीची कोवळी पानं आणि हक्करकी (आपली पाथरी) कच्ची ठेवतात. तिखटाबरोबर ती पानं खाण्यासाठीच असतात, सजावट नव्हे. पावसाळ्यात पानांना माती चिकटलेली असते, तेव्हा नीट धुतली आहेत का ते विचारावं किंवा सोडावीत.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यानं या जेवणात फार जपून राहावं. चटणीत शेंगदाणा, वांग्यात शेंगदाणा, तेलही शेंगाचं. "शेंगा नको" असं सांगून ताट सुरक्षित होत नाही. अशा माणसानं साधा डाळ-भातही कशाच्या फोडणीचा आहे हे विचारूनच घ्यावा.

दुसरी भाकरी कधी मागायची? पहिली अर्धी उरली असताना. थापून, भाजून, फुगवून ताटात यायला तीन-चार मिनिटं लागतात. पहिली संपल्यावर मागणारा माणूस रिकाम्या ताटाकडे बघत बसतो आणि तोवर भाजी गार होते. पूर्ण जाणार नसेल तर "अर्धी द्या" म्हणावं; अर्धी भाकरी मागण्यात इकडे कमीपणा नाही, ताटात टाकण्यात आहे.

कडक रोट्टी वाढली तर पद्धत बदलते. ती पापडासारखी कुरकुरीत असते, चुकून वाळलेली नसते. थोडी तशीच चटणी-दह्याबरोबर मोडून खावी. उरलेली चुरून त्यावर गरम सारू किंवा पातळ उसळ ओतावी आणि तीन-चार मिनिटं झाकून ठेवल्यासारखी सोडावी. घाई केली तर टाळूला टोचते.

भात शेवटी. आधी सारू-भात चार घास, मग ताक-भात. भातानं सुरुवात करणाऱ्याच्या पोटात भाकरीला जागा उरत नाही. सणावाराच्या दिवशी होळगी (पुरणपोळी) असेल तर बरोबर कटाची आमटी येते. गव्हाची खीर, इकडची गोदी हुग्गी, मिळाली तर वाटीभरच घ्या, ती फुगते.

मटणाच्या खानावळीत नियम वेगळे. तिथं ताटाचा दर तुकड्यांचा असतो, रस्सा बहुधा परत वाढतात. म्हणून आधी विचारावं, प्लेटमध्ये सुकं किती आणि रस्सा किती वेळा. पांढरा रस्सा मटणाच्या पाण्याचा आणि नारळाच्या दुधाचा. तो आधी घोट घोट प्यावा, तांबड्यात मिसळून त्याची चव मारू नये. तांबड्याच्या पातेल्यात वर तवंग असतो आणि सगळं तिखट तिथंच. सोसत नसेल तर "वरचा नको, तळातला द्या" म्हणायचं. तासाभराची भाकरी मटणाबरोबर तर अजिबात घेऊ नये. तव्यावर नसेल तर चपाती मागा.

निघताना कडक रोट्टी बांधून न्यायची असेल तर गावात रोट्टी करून विकणाऱ्या बायकांकडे चौकशी करावी, तिथं थप्पीनं मिळते. गरम असताना प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, आतल्या वाफेनं बुरशी धरते. पूर्ण गार करून सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवली की तीन आठवडे सहज टिकते. डबा चुलीपासून लांब हवा, आणि ओल्या हातानं रोट्टी काढायची नाही.