युद्धाचा सीन खोटा का वाटतो? शूटिंगआधी या चुका टाळा

तुमची शॉर्टफिल्म साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंगेत दाखवायची आहे असं समजा. पहिल्या रांगेत माजी सैनिक बसलेत. स्फोट केवढा झाला याकडे त्यांचं फारसं लक्ष जात नाही, ते नटाचे हात बघतात. रायफल कशी धरली, बोट कुठे आहे, मॅगझिन बदलताना नजर कुठे जाते. कमी बजेटचा सीन तिथेच तरतो किंवा बुडतो. आणि हे जमवायला पैशांपेक्षा तालीम जास्त लागते.

सगळ्यात मोठा घोळ वजनाचा. भारतीय बनावटीची इन्सास रायफल साधारण चार किलोची आणि फायबरची डमी एकदम हलकी, त्यामुळे नट ती काठीसारखी फिरवतो. आमच्या एका शूटिंगला आलेल्या निवृत्त हवालदार काकांनी पहिलाच टेक थांबवला. डमीच्या बटमध्ये वाळू भरायला लावली, पाठीवरच्या पिट्टूतली उशी काढून तिथेही वाळूची पिशवी ठेवली आणि त्या पोराला तीनदा टेकडी चढवली. चौथ्या खेपेला कॅमेरा लावला, तेव्हा त्याचे खांदे उतरले होते, दम लागला होता आणि दोन ओळींचा संवाद चार शब्दांत आटोपला. सीन उभा राहिला तो त्या चार शब्दांवर. कारगिलची लढाई दाखवणार असाल तर हे पक्कं लक्षात ठेवा. टायगर हिल 5,000 मीटरच्या घरात आहे. तिथे चढता चढता कुणी भाषण करत नाही.

बोटाचंही तसंच. नेम धरून गोळी झाडायची नसेल तर बोट ट्रिगरवर नसतं, ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, म्हणजे गार्डच्या, बाहेर सरळ असतं. नटाला आठवडाभर डमी घरी देऊन ठेवा, सवय लागेल.

गोळ्या मोजा. एके-47 मिनिटाला सुमारे 600 गोळ्यांच्या वेगानं झाडते आणि मॅगझिनमध्ये 30 असतात. म्हणजे सलग फायर केला तर तीन सेकंदांत खेळ खलास. एडिटिंगला बसताना घड्याळ लावा आणि मॅगझिन बदलण्याचा शॉट आधीच घेऊन ठेवा. इन्सास रायफल तर एकेक गोळी किंवा तीन गोळ्यांचा बर्स्ट एवढंच देते, तिच्यातून अखंड फायर दाखवू नका.

काळाची चूक पटकन पकडली जाते. भारतीय लष्कराचा डिजिटल नक्षीचा गणवेश 2022 च्या लष्कर दिनी पहिल्यांदा समोर आला. 1999 च्या कारगिलमध्ये तो कसा असेल? 1971 च्या जवानाच्या हाती एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) हवी, इन्सास नाही. 1962 दाखवताय तर थ्री नॉट थ्री ही जुनी रायफल, आणि दर गोळीनंतर बोल्ट मागे ओढणं. ड्रेसवाल्याकडे जे मिळेल ते आणलं की इथेच फसगत होते. हुद्द्यांचंही बघा. वीस-बावीस वर्षांचा लेफ्टनंट मुरलेल्या सुभेदाराला नावानं हाक मारत नाही, ‘साब’ म्हणतो. मराठा लाइट इन्फंट्रीची आरोळी ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’, महार रेजिमेंटची ‘बोलो हिंदुस्तान की जय’. यांची अदलाबदल झाली तर त्या पलटणीत आयुष्य काढलेल्या माणसाला ते लागतं.

जवान घोळक्यानं पुढे सरकताना दिसले की सीन गेलाच, कारण एका बर्स्टमध्ये सगळे सापडतील. सगळे फ्रेममध्ये हवेत ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय लांब फोकल लेंग्थची लेन्स. माणसं सात-आठ मीटर अंतरानं चालवा, कॅमेरा दूर न्या. पडद्यावर ती जवळ दिसतील.

आवाजाकडे फारच दुर्लक्ष होतं. रायफलची गोळी आवाजाच्या पुढे धावते, म्हणून समोरून फायर आला की आधी डोक्यावरून ‘चट्’ आणि मग दूरवरून ‘धप्’ ऐकू येतं. दोन किलोमीटरवर तोफ डागली तर आधी झगझगाट, आवाज जवळपास सहा सेकंदांनी. ही शांतता कापू नका, काळजाचा ठोका तिथेच चुकतो. हातबाँबला पेट्रोलचा भडका देऊ नका. क्षणभर लखलखाट, मग धूळ आणि उडणारे तुकडे. त्याची पिन दातानं ओढायला तर नटाला सांगूच नका.

ब्लँक काडतुसांशी अजिबात खेळ नको. 1984 साली अमेरिकेत एका मालिकेच्या सेटवर नटानं ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर गमतीनं कानशिलाला लावून चाप ओढला आणि त्यात तो गेला. ब्लँकमध्ये गोळी नसली तरी दारू असते, तिचा झोत जवळून जीव घेतो. डमी वापरा, झगझगाट व्हीएफएक्समध्ये टाका. घाटात किंवा माळावर शूटिंग असेल तर आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि गावच्या सरपंचांनाही सांगा.

एवढं करूनही काहीतरी खटकत असेल तर सीन एकदा आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून नुसता ऐका. दोष चित्रात आहे की आवाजात, ते बहुतेक वेळा कळतं. नंतर तो एखाद्या माजी सैनिकाला दाखवा. दाखवताना बाजूनं काही समजावू नका, ते जिथे थांबवायला सांगतील तिथला टाइमकोड लिहून घ्या. आणि वेळापत्रकात एक दिवस रीशूटसाठी मोकळा ठेवा.