अतिनवताऱ्यांच्या धुळीवर संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी

अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे प्रचंड स्फोट होऊन फुटणाऱ्या ताऱ्यांच्या, अवशेषांत धूळ कशी तयार होते, या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना मी एसएन १९८७ए या अतिनवताऱ्यापासूनच सुरुवात करायला सांगते. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेत, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर दिसलेल्या या स्फोटात धूळनिर्मितीच्या तिन्ही खुणा एकत्र सापडल्या. दुसऱ्या वर्षी दृश्य प्रकाश अपेक्षेपेक्षा लवकर मावळू लागला, अवरक्त प्रारणाचा वाटा वाढला आणि ऑक्सिजनच्या वर्णरेषेचे शिखर निळ्या बाजूला सरकले. यांपैकी तिसरी खूण मला सर्वांत बोलकी वाटते. आपल्यापासून दूर जाणाऱ्या वायूचा, तांबड्या बाजूला सरकलेला प्रकाश मधल्या धुळीत अडतो, त्यामुळे रेषेची तांबडी बाजू खचते. वर्णपट छापून घ्यावा आणि शिखराच्या दोन्ही बाजू पेन्सिलीने ताडून पाहाव्यात. धूळ नेमकी कुठे आहे हे त्यातून जितके उमगते, तितके सूत्रे पाठ करून उमगत नाही.

खरी कसोटी लागते ती वस्तुमान काढताना. सुरुवातीच्या अवरक्त निरीक्षणांवरून ही धूळ सूर्याच्या वस्तुमानाच्या फार तर हजाराव्या भागाइतकी भरली होती. २०११ मध्ये हर्शेल या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून मात्र सुमारे २० केल्विन तापमानाची, ०.४ ते ०.७ सौरवस्तुमानाइतकी धूळ असल्याचे अनुमान निघाले. मधल्या काळात धूळ हळूहळू वाढत गेली, की ती आधीपासूनच अपारदर्शक गुठळ्यांत दडलेली होती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. धुळीचे वस्तुमान थेट मोजता येत नाही. ते तापमान आणि कणांची शोषणक्षमता गृहीत धरून काढावे लागते, म्हणून एकाच निरीक्षणावर आधी कार्बनचे आणि मग सिलिकेटचे कण धरून गणित स्वतः करावे. हर्शेलची निरीक्षणे सर्वांसाठी खुली आहेत, त्यामुळे त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी रसायनशास्त्राचा कंटाळा करू नये. धूलिकण घडण्याआधी कार्बन मोनॉक्साइड आणि सिलिकॉन मोनॉक्साइडचे रेणू तयार होतात, आणि किती कार्बन कणांसाठी शिल्लक राहतो हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते. उल्कापाषाणांतील काही सिलिकॉन कार्बाइड कणांत कॅल्शियम-४४ चे प्रमाण जास्त आढळते. ते टायटॅनियम-४४ च्या क्षयातून आलेले असल्याने हे कण अतिनवताऱ्यातलेच, हे पक्के होते. अशा स्फोटांतली काही धूळ तरी उलट्या आघातलाटेतून, म्हणजे अवशेष भोवतालच्या वायूवर आदळल्यावर आत परतणाऱ्या लाटेतून, वाचते, याचा हा हातात धरता येणारा पुरावा आहे. किती वाचते, हा प्रश्न मात्र नव्या संशोधकांसाठी अजून खुला आहे.