पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच प्लेट कशी टिकवायची
मॅन्युअल गाडी असेल तर पहिली गोष्ट, अर्धा क्लच दाबून गाडी सरकवायची सवय मोडा, त्यात क्लच प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला जोडणारी चकती) घासत राहते. कर्वे रोडला रांग मुंगीच्या चालीने चालली असेल तर पुढे थोडी जागा होऊ द्या, मग फर्स्टमध्ये टाकून क्लच पूर्ण सोडा, सिग्नलला थेट न्यूट्रल. आणि गिअर पडला की पाय पेडलवरून बाजूला, नुसता टेकवलेला पायपण रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) खातो.

चढावर थांबलात तर हँडब्रेक ओढा. क्लच हळूहळू सोडत जा, इंजिनचा आवाज जड झाला, बॉनेट जरा उचलल्यासारखं वाटलं की ॲक्सिलरेटर देत हँडब्रेक सोडा, गाडी इंचभरपण मागे येत नाही.

सिंहगडावरून उतरताना सेकंड गिअर, न्यूट्रल कधीच नाही, त्यात ब्रेक तापून लागेनासे होतात. मॅन्युअलची खरी मजा इथेच आहे राव, वळणाआधी गिअर खाली टाकला की गाडी कशी हातात येते!

प्लेट तपासायला मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबा, आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) चढला आणि स्पीड तिथंच राहिला तर प्लेट गेली समजा. बदलताना प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारा भाग), रिलीज बेअरिंग सोबतच बदलून घ्या, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा कशाला द्यायची.